कोऱ्या बाँडवरची सही: हरलेल्या देशावर लादलेला तह कुठं फिसकटतो

जामखेड तालुक्यात, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेला लागून खर्डा आहे. तिथला भुईकोट अजून उभा आहे. मार्च १७९५ मध्ये निजाम अली खान लढाई अर्धवट टाकून रात्रीच्या रात्री या किल्ल्यात शिरला आणि मराठ्यांनी बाहेरून फास आवळला. आत फौज, जनाना, जनावरं आणि पाण्याचे हाल. दोन-तीन दिवसांतच बोलणी सुरू झाली. थकलेली चौथाई आणि लढाईचा खर्च मिळून तीन कोटी रुपये, परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा मुलूख, त्यातच दौलताबादचा किल्ला, आणि निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क पुण्याच्या हवाली, अशा अटी ठरल्या.

कागद पक्का होता. तरी दीड वर्षात त्यातलं बरंचसं सैल झालं. ऑक्टोबर १७९५ मध्ये पेशवे सवाई माधवराव गेले, गादीचा वाद पेटला आणि नाना फडणविसांना स्वतःच महाडला जाऊन बसावं लागलं. निजामाची मदत हवी म्हणून ऑक्टोबर १७९६ मध्ये त्यांनी खर्ड्याच्या अटी सोडून देण्याचं कबूल केलं. निजामाच्या बाजूने हा सौदा केला कोणी? ओलीस म्हणून पुण्यात ठेवलेल्या त्याच दिवाणाने.

हरलेल्यावर लादलेल्या अटी न्याय्य होत्या का, हे आपण बहुतेक वेळा ‘किती कडक होत्या’ एवढ्यावरून ठरवतो. हे माप तोकडं आहे. कडक अटी निमूट फिटल्याचे दाखले आहेत आणि त्यामानाने सौम्य अटींवरून पुन्हा रक्त सांडल्याचेही आहेत. पाहायचं असतं ते वेगळंच: आकडा पक्का होता का, तो फेडायची वाट मोकळी ठेवली होती का, आणि वसूल करणारा उद्या त्याच ताकदीने उभा राहणार होता का. या तीन गोष्टी पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनीवर लादलेल्या व्हर्सायच्या तहात सगळ्यात उघड दिसतात, म्हणून मुक्काम तिथं जास्त करू.

आधी एक फरक. युद्धबंदी म्हणजे हत्यार खाली ठेवणं. तह म्हणजे हिशेब. हे दोन वेगळे कागद असतात आणि या दोहोंच्या मधल्या काळात हरलेल्याची घासाघीस करायची ताकद संपते. ११ नोव्हेंबर १९१८ च्या युद्धबंदीतच जर्मनीने ५ हजार तोफा, २५ हजार मशीनगन, ५ हजार रेल्वे इंजिनं आणि दीड लाख वाघिणी देण्याचं मान्य केलं. आरमार अडकवून ठेवलं गेलं. समुद्रातून माल येऊ न देणारी नाकेबंदी मात्र १९१९ च्या जुलैपर्यंत उठली नाही. धान्य तेवढं मार्चपासून थोडं थोडं येऊ लागलं. बांधाच्या भांडणात आधी ताबा सोडून मग मोजणीचा अर्ज करणाऱ्याची जी गत होते, तीच ही. मे १९१९ मध्ये तहाचा मसुदा हातात पडला तेव्हा जर्मनीकडे ‘नाही’ म्हणायचं साधनच उरलेलं नव्हतं.

मसुदा ७ मे रोजी दिला. समोरासमोर चर्चा नाही, जे म्हणायचं ते पंधरा दिवसांत लेखी द्या, असा दंडक होता. जर्मनीने हरकतींचा ढीग पाठवला. त्यातलं थोडंच मान्य झालं; अपर सायलेशियात सार्वमत घेण्याचं ठरलं ते त्यातलं मोठं. मग शेवटचा इशारा आला: सही करा, नाहीतर फौजा पुढं येतील. पंतप्रधान शायडेमान यांनी सही करण्यापेक्षा राजीनामा दिला. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात हेर्मान म्युलर आणि योहानेस बेल या दोन मंत्र्यांनी सह्या केल्या. याच दालनात १८७१ मध्ये फ्रान्सला हरवून जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. जागा मुद्दाम निवडलेली होती. जिंकणाऱ्यांच्या बाजूला भारताच्याही सह्या आहेत: भारतमंत्री एडविन मॉन्टेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या. देश स्वतः पारतंत्र्यात, आणि दुसऱ्या देशाचा निवाडा करणाऱ्यांच्या पंगतीत.

तहात ४४० कलमं होती. मुलूख जवळपास १३ टक्के गेला, माणसं सुमारे १० टक्के. १८७१ मध्ये फ्रान्सकडून घेतलेला अल्सास-लोरेनचा सरहद्दीचा मुलूख फ्रान्सला परत, सार खोऱ्याच्या कोळशाच्या खाणी फ्रान्सला आणि कारभार पंधरा वर्षं राष्ट्रसंघाकडे, म्हणजे युद्धानंतर देशांनी मिळून काढलेल्या संघटनेकडे. सैन्य एक लाखाचं; रणगाडे, पाणबुड्या, विमानदळ बंद. पण खरी गोम २३१ आणि २३२ या दोन कलमांत आहे.

२३१ म्हणतं की जर्मनी आणि तिच्या मित्रदेशांच्या आक्रमणामुळे युद्ध लादलं गेलं, त्यातून झालेल्या सगळ्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी मान्य करते. लगेच २३२ म्हणतं की ही सगळी नुकसानी भरून देण्याइतकी ऐपत जर्मनीकडे नाही, हे आम्हांला मान्य आहे. तेव्हा नागरिकांचं जे नुकसान झालं तेवढंच द्या. वकिलाच्या नजरेतून ही जोडी समजण्यासारखी आहे. आधी देणं तत्त्वतः कबूल करून घ्यायचं, मग प्रत्यक्ष रक्कम आखडायची. ‘गुन्हा’ हा शब्द २३१ मध्ये कुठंही नाही. ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या तहांतही असंच कलम होतं. पण जर्मनीत ते वाचलं गेलं ‘तुम्हीच गुन्हेगार’ असं, आणि पुढची चौदा वर्षं प्रत्येक निवडणुकीत याच एका कलमावर भाषणं ठोकली गेली. पैशाच्या वसुलीसाठी लिहिलेलं वाक्य अब्रूवर गेलं. आपल्याकडेही गावच्या बैठकीत माणूस दंड भरून मोकळा होतो, पण ‘चूक झाली म्हण’ म्हटलं की अडून बसतो. मसुदा लिहिणाऱ्यांना हे कळायला हवं होतं.

त्याहून मोठी चूक पुढं आहे. तहात एकूण रक्कमच लिहिलेली नव्हती. ती एक आयोग १ मे १९२१ पर्यंत ठरवणार होता. म्हणजे आधी कोऱ्या बाँडवर सही, आकडा नंतर. सावकाराकडे असा बाँड देऊन आलेल्या माणसाचं पुढं काय होतं, हे मराठवाड्यात कुणाला शिकवायला नको. तो शेतात जीव ओतत नाही, कारण जास्त पिकलं तर जास्त मागतील. जर्मनीचंही तसंच झालं. कर नीट गोळा करून सरकारी खर्च ताळ्यावर आणावा, तर ‘बघा, यांना झेपतंय’ असं म्हणायला समोरचे टपलेले.

आकडा का टाळला? ब्रिटन आणि फ्रान्समधल्या मतदारांना ‘जर्मनी सगळं भरून देईल’ असं सांगून ठेवलेलं होतं. खरा, झेपणारा आकडा छापला असता तर सरकारं पडली असती. मे १९२१ मध्ये आकडा आला तोही या राजकारणातूनच: १३२ अब्ज सोन्याचे मार्क, म्हणजे नोटांत नव्हे तर सोन्याच्या भावात मोजलेले. हा आकडा सोलून पाहण्यासारखा आहे. त्याचे रोख्यांचे तीन गट होते. ‘अ’ गट १२ अब्जांचा, ‘ब’ गट ३८ अब्जांचा, ‘क’ गट ८२ अब्जांचा. खरी वसुली फक्त पहिल्या दोन गटांची, म्हणजे ५० अब्जांची. ‘क’ गटावर व्याज नाही, मुदत नाही, आणि जर्मनीला झेपेल असं आयोगाला वाटल्याशिवाय ते रोखे काढायचेच नाहीत. थोडक्यात, ८२ अब्ज हे घरच्या मतदारांना दाखवायचे होते. फ्रेंच माणसाने १३२ वाचून समाधान मानायचं, आणि हिशेबनिसाने ५० वर काम करायचं. मधल्यामध्ये जर्मन माणसानेही १३२ च वाचले आणि त्याचं पित्त खवळलं. हप्ता होता वर्षाला २ अब्ज, अधिक निर्यातीच्या किमतीच्या २६ टक्के.

५० अब्ज तरी झेपणारे होते का? ब्रिटिश शिष्टमंडळातून राजीनामा देऊन बाहेर पडलेले अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी जर्मनीची ऐपत ४० अब्ज मार्कांच्या आसपास धरली होती. नंतरच्या काही अभ्यासकांनी उलट बाजू मांडली: जर्मनीला झेपलं असतं, द्यायची इच्छा नव्हती, पुढं शस्त्रांवर तिने याहून जास्त उधळले. दोन्हींत तथ्य आहे. पण ऐपत म्हणजे नुसती पेटीतली रक्कम नव्हे, आणि इथं एक पेच समजून घ्यावा लागतो.

एक देश दुसऱ्या देशाचं देणं स्वतःच्या नोटांत फेडू शकत नाही. सोनं किंवा परकं चलन लागतं. सोनं लवकर संपतं. परकं चलन मिळवायचं तर घेण्यापेक्षा जास्त माल बाहेर विकावा लागतो. म्हणजे देणेकऱ्याने खूप विकायचं आणि घेणेकऱ्यांनी ते विकत घ्यायचं. आता लातूरच्या आडतीवर असं दृश्य डोळ्यांसमोर आणा: आडत्या म्हणतो, माझी उधारी आजच्या आज दे; पण तुझं सोयाबीन मी घेणार नाही, आणि माझ्या गिऱ्हाइकांना विकायलाही बसू देणार नाही. शेतकऱ्याने पैसे आणायचे कुठून? ब्रिटनला जर्मन कोळसा फ्रान्सला गेलेला खुपत होता, कारण ब्रिटिश खाणींचं गिऱ्हाईक तुटत होतं. अमेरिकेने १९२२ मध्ये आयातीवरचा कर वाढवला. सगळ्यांना पैसे हवे होते, माल कुणालाच नको होता.

हप्ते थकले. १९२२ च्या शेवटी फ्रान्सला द्यायचं लाकूड आणि तारायंत्राचे खांब ठरल्यापेक्षा कमी पोचले, कोळसाही कमी पडला. ११ जानेवारी १९२३ रोजी फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रूरच्या खाणपट्ट्यात शिरल्या. जर्मन सरकारने कामगारांना हरताळ करायला सांगितलं आणि त्यांचा पगार नोटा छापून दिला. मार्क आधीच ढासळत होता, आता तळाला गेला. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते. बँकेत पैसे ठेवून जगणारा पेन्शनर, विधवा, शिक्षक एका वर्षात धुवून निघाले. कर्जबाजारी कारखानदार मात्र फुकटात मोकळे झाले. या महागाईचं खापर आजही सरसकट तहावर फोडलं जातं. ते अर्धंच बरोबर आहे: नोटा छापायचा निर्णय बर्लिनचा होता.

यातून सुटका झाली ती उचलीने. बीडच्या ऊसतोड टोळ्यांना हे गणित तोंडपाठ आहे. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, तोडणीत ती फिटली नाही तर अंगावर राहते, आणि पुढच्या हंगामाला जुनी बाकी धरून नवी उचल. १९२४ च्या डॉज योजनेत जर्मनीला ८० कोटी सोन्याच्या मार्कांचं कर्ज मिळालं, मोठा वाटा अमेरिकेतून. पहिला वार्षिक हप्ता १ अब्जाचा केला आणि तो चढत अडीच अब्जांवर न्यायचा ठरलं. मग अमेरिकेतून कर्ज जर्मनीला, जर्मनीकडून हप्ता फ्रान्स-ब्रिटनला, आणि त्यांच्याकडून युद्धातली उधारी पुन्हा अमेरिकेला, असा रहाट फिरू लागला. १९२९ च्या यंग योजनेने रक्कम आणखी कमी केली आणि हप्ते थेट १९८८ पर्यंत लावले. नातवाने आजोबांच्या युद्धाचा हप्ता भरायचा! त्याच वर्षी अमेरिकेचा बाजार कोसळला, उचल देणारा मुकादमच बुडाला. १९३१ मध्ये वसुली थांबली, १९३२ मध्ये लोझानला जवळजवळ रद्दच झाली. तोवर सगळं मिळून सुमारे २० अब्ज मार्क वसूल झाले होते.

मग हा तह जगावेगळा कडक होता का? तसंही नाही. जर्मनीनेच मार्च १९१८ मध्ये रशियावर ब्रेस्ट-लिटोव्स्कचा तह लादला होता, त्यात रशियाची सुमारे तिसरा हिस्सा लोकसंख्या आणि बहुतेक कोळसा खाणी गेल्या. १८७१ मध्ये फ्रान्सवर ५ अब्ज फ्रँक बसवले होते. मोठी रक्कम, पण आकडा पहिल्या दिवसापासून छापलेला, मुदत मार्च १८७४ ची, आणि जसजसा हप्ता येईल तसतशी जर्मन फौज एकेक जिल्हा सोडून मागं जाणार, असं लिहिलेलं. फ्रेंच सरकारने रोखे काढले, लोकांनी ते उचलले, आणि सप्टेंबर १८७३ मध्ये, म्हणजे मुदतीच्या आधीच, शेवटचा हप्ता देऊन फौज घालवली. हप्ता भरला की डोळ्यांदेखत फौज हलते म्हटल्यावर माणूस भरतो. त्याच तहातली न फिटणारी गोष्ट होती अल्सास-लोरेन. पैशाची जखम दोन वर्षांत बुजली, जमिनीची ४७ वर्षं भळभळत राहिली.

सैन्याच्या अटीतही अशीच एक फट होती. राखीव फौज तयार होऊ नये म्हणून प्रत्येक सैनिकाला १२ वर्षं नोकरीत ठेवायची सक्ती केली. हेतू असा की माणसं बदलत राहिली तर शिकलेले लाखो बाहेर पडतील. प्रत्यक्षात एक लाख मुरलेले लोक तयार झाले आणि फौज वाढवायची वेळ आली तेव्हा तेच शिकवणारे झाले. विमानदळ बंद होतं, म्हणून वैमानिक रशियात लिपेट्स्कला शिकवले गेले. देखरेख करणारे परदेशी अधिकारी १९२७ मध्ये परत गेले. रोज तपासायला माणूस नसेल तर असं कलम लिहून उपयोग नसतो.

आता पुन्हा गोदावरीकाठी. १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला पहिल्या बाजीरावांनी निजामाला पाण्यावाचून कोंडलं आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला. त्यात मोठा मुलूख मागितला नाही. शाहू महाराजांना छत्रपती माना, दख्खनची चौथाई आणि सरदेशमुखी द्या, हुसकावलेले कमाविसदार (वसुली करणारे मराठी अंमलदार) परत बसू द्या, एवढंच. चौथाईचा हक्क मोगल सनदेने १७१९ मध्येच मिळालेला होता. म्हणजे हरलेल्याकडून नवं फारसं घेतलं नाही, कबूल केलेलं पाळायला लावलं. या तहाने साधारण दहा वर्षं तग धरला.

उदगीर उलटं. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाकडून सुमारे ६० लाख उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले घेतले. अकरा महिन्यांत पानिपत झालं. वसूल करणारी फौजच उरली नाही म्हटल्यावर निजाम १७६१ च्या अखेरीला पुण्याच्या वाटेवर होता. १७६३ मध्ये त्याने पुणं जाळलं आणि त्याच ऑगस्टमध्ये गेवराईजवळ राक्षसभुवनला गोदेच्या पात्रापाशी त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. तीन वर्षांत तोच मुलूख दोनदा हातातून हातात गेला. रयतेने या काळात सारा कुणाला भरायचा?

खर्ड्याचा खरा तोटा वेगळाच झाला. या लढाईत इंग्रज निजामाच्या मदतीला आले नव्हते. तरीही मराठ्यांच्या धास्तीने निजाम त्यांच्याच आसऱ्याला गेला आणि १७९८ मध्ये तैनाती फौज घेऊन बसला: सहा पलटणी, वर्षाला २४ लाखांहून जास्त खर्च. हरलेल्याला एकटं पाडलं की तो तिसऱ्याचा दरवाजा ठोठावतो. आणि तिसरा फुकट येत नाही. पुढं हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या वेगळ्या फौजेचा खर्च थकत गेला आणि १८५३ मध्ये वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला धाराशिवचा भाग इंग्रजांकडे गहाण पडला. नळदुर्ग परगण्यात १८६० पर्यंत इंग्रज अंमल होता तो यामुळे. निजाम हा इंग्रजांकडून हरलेला नव्हता, दोस्त होता. तरी बाकी वाढत गेली आणि गावं गेली.

१७ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेपुढं हैदराबाद संस्थान हरलं तेव्हा तह झालाच नाही. निजामाने शरणागती दिली. त्यानंतर त्याला जी वागणूक मिळाली ती हरलेल्या राजाच्या मानाने उदार होती: १९५० पासून राजप्रमुखपद आणि वर्षाला ५० लाखांचा तनखा. दरबार शांत झाला. पण रझाकारांच्या अत्याचारांचा सूड जिल्ह्यांत साध्या मुसलमानांवर उगवला गेला. सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने धाराशिव आणि नांदेड हे सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत मोजले आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. राजाशी काय ठरलं एवढंच पाहून अटींचा न्याय करायला गेलं की हा भाग नजरेतून सुटतो.

स्वतंत्र भारताने दुसऱ्याच्या पराभवात काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या जपानशी तह करण्यासाठी भरलेल्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला भारत गेला नाही; जपानला बरोबरीच्या मानाने वागवलं जात नाही, परकी फौज तिथं राहणार आहे, हे त्यामागचं कारण. ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी वेगळा तह केला आणि नुकसानभरपाईचे सगळे दावे सोडून दिले. १९७२ च्या सिमला करारात पश्चिम आघाडीवर जिंकलेला सुमारे १३ हजार चौरस किलोमीटर मुलूख पाकिस्तानला परत दिला. ‘हातात होतं ते सोडलं’ अशी ओरड तेव्हाही झाली, अजूनही होते. तिला उत्तर देताना निदान एवढं तपासावं की तो मुलूख ठेवला असता तर तिथं किती वर्षं, किती फौज बसवून ठेवावी लागली असती.

राहिली व्हर्सायची बाकी. हप्ते भरण्यासाठी जर्मनीने डॉज आणि यंग योजनांत जी परदेशी कर्जं उचलली, ती हिटलरच्या काळात थकली. १९५३ मध्ये लंडनला त्यांचा नवा हिशेब झाला. १९४५ ते १९५२ या काळाचं व्याज मात्र ‘दोन्ही जर्मनी एक झाल्यावर बघू’ म्हणून बाजूला ठेवलं गेलं. तसं होईल असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं. १९९० मध्ये ते झालं. त्या व्याजाचे वीस वर्षांचे रोखे निघाले आणि शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजी, सहीनंतर ९१ वर्षांनी, जमा झाला.